मुंगी दिसेपर्यंत

"नेफ्रॉटिक सिंड्रोम," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि टेबलावरचा रिपोर्ट त्यांनी माझ्याकडे सरकवला. एका ओळीखाली पेनाने रेघ मारली होती. युरिन प्रोटीन, फोर प्लस. समोर माझी पाच वर्षांची नात मुक्ता आईच्या मांडीवर बसून डॉक्टरबाईंचा पेपरवेट फिरवत होती. तिच्या पापण्या इतक्या सुजल्या होत्या, की ती पेपरवेटकडे बघतेय की पेंगतेय हे कळत नव्हतं.

तिची आई, म्हणजे माझी सून रश्मी, ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. मग मीच विचारलं, "नॉर्मल किती असतं?"

"नॉर्मल म्हणजे नसतंच. निल."

मी इथे भोपाळला, इंद्रपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. तयार झालेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते मोजायचं आणि रजिस्टरमध्ये पास किंवा फेल लिहून सही करायची. आमच्याकडे प्रत्येक मापाला थोडीफार सूट असायची. इथे ती नव्हती.

डॉक्टरबाई मूळच्या अकोल्याच्या, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलत. त्यांनी समजावून सांगितलं. किडनी ही रक्ताची चाळणी. काही मुलांमध्ये तिची जाळी सैल पडते आणि रक्तातलं प्रोटीन लघवीतून निघून जातं. ते कमी झालं की पाणी अंगात साचतं, म्हणून सूज. स्टेरॉइडचं औषध द्यायचं, रोज. बहुतेक मुलांचं प्रोटीन त्याने थांबतं.

"आणि नाही थांबलं तर?" रश्मीने विचारलं.

"साधारण चार आठवडे वाट बघू. नाहीच थांबलं तर बायोप्सी. सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. पण आज त्याचा विचार करू नका."

आज दुसरा कसला विचार करणार होतो आम्ही?

हे लिहितोय ते तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्यासाठी. आणि पहिल्यांदा आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही. सकाळी मुक्ताचे डोळे सुजायचे आणि संध्याकाळपर्यंत उतरायचे. आधी आम्ही डासांना दोष दिला, मग मोबाइलला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आठ दिवस थेंब घातले. तोवर तिचे फ्रॉक घट्ट व्हायला लागले. मुक्ता जन्मापासून काडीसारखी. तिच्यामागे वाटी घेऊन धावणं हाच माझ्या बायकोचा, शैलाचा, व्यायाम. त्यामुळे वजनाचा काटा पुढे सरकलेला बघून तिचा आनंद मावेना. "घेतलं बाप्पा एकदाचं बाळसं," म्हणत तिने पोरीची दृष्ट काढली आणि शेजारीपाजारी बेसनाचे लाडू वाटले. मीही दोन खाल्ले. ज्याला आम्ही बाळसं समजून लाडू वाटत होतो, ते अंगात साचलेलं पाणी होतं.

शेवटी एका सकाळी मोजे काढल्यावर मुक्ताच्या पायावर इलॅस्टिकचा खोल वण उठला आणि अर्धा तास झाला तरी जाईना. शैला तो बघून म्हणाली, "काहून इतकी सुजली बाप्पा ही?" त्याच दिवशी लघवीची तपासणी केली. साधी तपासणी, तासाभराचं काम. पापण्या सकाळी सुजत असतील तर थेंब घालत बसू नका, आधी ती करा.

सूज थोडी उतरेपर्यंत मुक्ताला दवाखान्यात ठेवलं. सहा दिवस. माझा मुलगा समीर नोकरीसाठी बीन्याला, तो शनिवारी यायचा. रश्मीचं ऑफिस टी. टी. नगरात. म्हणून दिवसपाळी माझी लागली. रोज सकाळी वजन, प्यायलेलं पाणी मोजायचं, लघवी मोजायची. मोजमाप मला जमतं, ते मी मन लावून केलं. जमत नव्हतं ते दुसरंच. रक्त घ्यायला सिस्टर आल्या, की मुक्ता माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे बघायचो.

दुसऱ्या दिवशी रश्मीने लंच टाइममध्ये एक चित्रांचं पुस्तक घेतलं आणि संध्याकाळी माझ्या हातात दिलं. हिंदी होतं. मी चाळून बघितलं. चौदा पानं, पानावर एखाद-दुसरं वाक्य आणि बाकी सगळी चित्रं. मी मनात म्हटलं, एवढा मजकूर तर आमच्या कारखान्यात एका बोल्टच्या ड्रॉइंगवर असतो.

तरी चष्मा लावला आणि वाचलं, मराठी करून. एक हत्तीण नव्या गावात राहायला येते. सशाच्या बिळात मावत नाही, माकडाच्या झाडावर मावत नाही, कासवाच्या तळ्यात उतरली तर पाणीच बाहेर येतं. शेवटी सगळे मिळून तिच्यासाठी मोठ्ठं घर बांधतात. दीड मिनिट लागलं. पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "झालं."

मुक्ताने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून एकेक पान बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजोबा, तुम्ही चित्रं वाचलीच नाहीत."

"चित्रं कशी वाचणार?"

"मग तुम्हाला मुंगी कशी माहीत पडणार?"

"कुठली मुंगी?"

तिने बोट ठेवलं. पहिल्या पानावर, हत्तिणीच्या पायाशी, गवतात एक मुंगी होती. तिळाएवढी. पाठीवर लाल गाठोडं. दुसऱ्या पानावर सशाच्या बिळापाशी तीच. माकडाच्या झाडाच्या बुंध्याशी तीच. प्रत्येक पानावर ती कुठे ना कुठे होती आणि पुस्तकात तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. चौतीस वर्षं लोकांनी केलेल्या चुका शोधून काढणाऱ्या माणसाच्या नजरेतून चौदाच्या चौदा मुंग्या सुटल्या होत्या.

"तिला पण घर पाहिजे ना," मुक्ता म्हणाली. "सगळ्यांनी हत्तिणीला विचारलं. तिला कोणी पूछलंच नाही."

मी शेवटचं पान नीट बघितलं. हत्तिणीच्या घराला एक मोठा दरवाजा होता, आणि त्या दरवाज्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा आणखी एक दरवाजा. मुंगी गाठोडं घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

"हत्तिणीने पूछलं असेल," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं.

शेजारच्या खाटेवर गुलनाझ नावाची सात वर्षांची मुलगी होती. सीहोरकडची, हाच आजार, आणि दुसऱ्यांदा उलटलेला. ती उठून बसली होती. "अंकल, हमें भी दिखाओ ना चींटी." मग पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं, आधी मराठीत आणि मग हिंदीत. मधेच सिस्टर रक्त घ्यायला आल्या. मुक्ताने हात पुढे केला आणि सिस्टरना सांगितलं, "मुंगी कुठाय ते शोधा, मग टोचा." त्या बिचाऱ्या ट्रे खाली ठेवून खरंच शोधायला लागल्या. मी त्या दिवशी खिडकीकडे बघितलं नाही.

गुलनाझच्या अम्मीला मी हळूच विचारलं, दुसऱ्यांदा उलटलं तेव्हा भीती नाही वाटली? ती रिकाम्या डब्याचं झाकण लावत होती. "हओ, लगी थी," ती म्हणाली. "पर ये आता है, फिर चला भी जाता है. बच्ची तो अपनी ही है ना, अंकल." सगळ्या रिपोर्टांपेक्षा त्या बाईच्या या बोलण्याने मला जास्त धीर दिला.

सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी घरी करायची तपासणी शिकवली. रोज सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि त्यात सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब टाकायचे. प्रोटीन असेल तर नळीतलं पाणी दुधाळ होतं. किती दुधाळ, ते कळण्यासाठी नळीमागे छापलेला कागद धरायचा. काहीच दिसलं नाही तर तीन किंवा चार प्लस, नुसत्या जाड रेघा दिसल्या तर दोन, अक्षरं वाचता आली तर एक, पाणी स्वच्छ असेल तर निल. लागोपाठ तीन दिवस निल आलं, की रेमिशन, म्हणजे आजार थांबला असं समजायचं. आजकाल यासाठी पट्ट्याही मिळतात. तुमचे डॉक्टर सांगतील ते करा, आणि ॲसिडची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

घरी आल्यावर माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. दोनशे पानी रजिस्टर आणलं, रकाने आखले : दिवस, वजन, औषध, निकाल, सही. पहिल्या सकाळी नळीमागे वर्तमानपत्र धरलं. मुक्ता स्टुलावर उभी राहून बघत होती. तिला काही ते पटलं नाही.

"हा पेपर नको. यात सगळे काके हार घालून उभे आहेत. माझं पुस्तक धरा."

रश्मी म्हणाली, "बाळा, डॉक्टरांनी पेपर सांगितलाय." मी मात्र विचारात पडलो. शेवटच्या पानावर हत्तिणीची जाड काळी रेघ होती, खाली छापील अक्षरं होती आणि तिळाएवढी मुंगी होती. याहून चांगलं मोजमापाचं साधन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पान प्लास्टिकमध्ये घातलं आणि नळीमागे धरलं. हत्तीणसुद्धा दिसली नाही. नुसतं दही.

"सगळे धुक्यात गेलेत," मुक्ता म्हणाली. "हत्तीणसुद्धा. थंडी वाजत असेल त्यांना."

डॉक्टरबाईंना फोनवर आमची नवी पद्धत सांगितली. त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल. तुमची मुंगी माझ्या पेपरपेक्षा कडक आहे."

मग दिवस मोजणं सुरू झालं, औषधाच्या पहिल्या दिवसापासून. स्टेरॉइडचं औषध कडूजहर. मुक्ता ते मधात मिसळून घ्यायची आणि तोंड असं करायची, की समोरच्यानेही तोंड वाकडं करावं. सूज असेपर्यंत मीठ बंद. एकटी अळणी खाईना, म्हणून घरात सगळेच अळणी खायला लागलो. भोपाळच्या माणसाने रविवारी सकाळी अळणी पोहे खाणं म्हणजे काय, ते भोपाळच्याच माणसाला कळेल. शैलाने त्यावर इतकं लिंबू पिळलं, की समीरने विचारलं, "आई, हे पोहे आहेत की शिकंजी?"

स्टेरॉइडने भूक वाढते आणि गाल फुगतात. आधी सुजेने गेलेला चेहरा आता औषधाने गोल झाला. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी तिला मोटी म्हटलं. ती वर आली, पुस्तक उघडून हत्तिणीजवळ बसली, मग खाली जाऊन त्यांना सांगून आली, "मी दवाईने मोठी झालेय. माझ्यासाठी जागा करा." त्यांनी केली म्हणे. लपाछपीत तिला लपायला जिन्याखालची सगळ्यात मोठी जागा देऊन टाकली.

दहाव्या दिवशी धुक्यातून हत्तिणीची पाठ दिसली. शैलाने देवापुढे साखर ठेवली. चौदाव्या दिवशी सगळी हत्तीण. सतराव्या दिवशी "घर" हा शब्द मी वाचला आणि रश्मीला ऑफिसात फोन केला. पण मुंगी काही दिसेना. अठरावा दिवस गेला. चार आठवड्यांतले दहाच दिवस उरले होते. रश्मी फोनवर बायोप्सीबद्दल वाचत बसायची आणि मी आलो की स्क्रीन बंद करायची.

एकोणिसाव्या सकाळी मी नळी धरली. अक्षरं साफ होती. मुंगीच्या जागी फिकट पांढुरकं काहीतरी होतं. स्वयंपाकघराच्या दारात रश्मी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. तिच्याकडे बघून मी म्हणालो, "दिसली!" आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, निल.

उभ्या नोकरीत मी फेल असलेला एक भाग पास केला नव्हता. त्यासाठी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, एक बढती घालवली. आणि त्या सकाळी एका तिळाएवढ्या गोष्टीसाठी खोटी सही केली.

मुक्ता स्टुलावर चढली. एक डोळा मिटून नळीतून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं.

"नाही दिसत," ती म्हणाली. "ती झोपलीय अजून, आजोबा. अशी जबरदस्ती उठवायची नाही कोणाला."

मी नळी पुन्हा उजेडाकडे धरली, मग आणखी एकदा. तिने माझ्या हातातली नळी सांभाळून शैलाकडे दिली आणि माझ्या मनगटावरून हात फिरवत राहिली, सिस्टर टोचून झाल्यावर तिच्या हातावरून फिरवायच्या तसा. "टेन्शन नका घेऊ. ती गाठोडं घेऊन किती चालली ना, म्हणून थकलीय." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो. बाहेर येऊन निल खोडलं, वन प्लस लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. मग रश्मीची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, मला पण दिसल्यासारखीच वाटली होती."

त्या दिवसापासून सहीचा रकाना मुक्ताकडे गेला. तिला सही येत नव्हती, ती ठिपका द्यायची.

तेविसाव्या दिवशी ती किंचाळली. खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. मी बघितलं. धूसर होती, पण होती, गाठोड्यासकट. चोविसाव्या दिवशी आणखी स्पष्ट. पंचविसाव्या सकाळी, म्हणजे लागोपाठ तिसऱ्या दिवशी, नेमकी लाइट चालली गेली, म्हणून सगळी वरात गॅलरीत आली. शैला, रश्मी, रजा घेऊन आलेला समीर आणि खालचे तिघे. मुक्ताने नळी माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही सांगा. पण खरं."

नळीत पाण्यासारखं पाणी होतं. पलीकडे हत्तीण, अक्षरं, लहान दरवाजा आणि त्यासमोर उभी असलेली मुंगी. तिचे सहाही पाय मी मोजले.

"दिसते," मी म्हणालो. "खरं."

मुक्ताने तपासलं आणि रजिस्टरमध्ये ठिपका दिला. मग त्याला सहा पाय काढले.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "बायोप्सी विसरा. मुक्ताच्या किडनीने औषध मानलं." मग त्यांनी बजावलं, की औषध एकदम बंद करायचं नाही, त्या सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. आणि सर्दी-तापानंतर आजार उलटू शकतो, त्याला रिलॅप्स म्हणतात, तेव्हा तपासणी चालू ठेवायची. मी सगळं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर गुलनाझ आणि तिची अम्मी होती. गुलनाझचे डोळे पुन्हा सुजलेले. मुक्ताने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "घरी नेऊन टेस्ट कर. पेपर मत पकडना. चींटी ढूँढना."

"अगं, मग उद्या आपण काय धरायचं?" मी कुजबुजलो. मला पुस्तकाची खरंच काळजी वाटली.

"तुम्ही काढा ना मुंगी. तुम्हाला ड्रॉइंग येतं."

घरी येऊन मी पेन्सिलीला टोक केलं. स्केल लावून मुंगी काढली, मधून सेंटर लाइन दिली, सगळे पाय सारख्या लांबीचे. मुक्ता म्हणाली, "ही मशीन आहे. फेल." दुसरी काढली. "ही कुठे चाललीय तेच कळत नाही. फेल." मग मी स्केल बाजूला ठेवली आणि विचार केला, की एवढं ओझं घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहायचं म्हणजे कसं उभं राहील कुणी? मान थोडी वर, एक पाय पुढे, एक मागे. तशी काढली. मुक्ताने ती बराच वेळ बघितली. "पास." माझ्या निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या शालीपेक्षा मला त्या शब्दाचा आनंद जास्त झाला.

दोन महिन्यांनी पुस्तक परत आलं. गुलनाझ बरी होती. शेवटच्या पानावर, आमच्या मुंगीशेजारी, निळ्या पेनाने आणखी एक मुंगी काढलेली होती. हिच्या पाठीवर गाठोडं नव्हतं. "वो अकेली थी ना," असा गुलनाझचा निरोप अम्मीने फोनवर सांगितला.

त्यानंतर मुक्ताला सर्दी झाली, आणि एका सकाळी नळी पुन्हा दुधाळ झाली. रिलॅप्स. तीन दिवस तेच. मी डॉक्टरबाईंना फोन केला, औषध पुन्हा पूर्ण सुरू झालं. मी रजिस्टर काढून नवं पान आखलं. मुक्ता पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली.

"दोघी झोपल्यात," ती म्हणाली. "उठतील. तोपर्यंत वाचा ना. पण चित्रंसुद्धा."

मी चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. सशाच्या बिळावर एक छोटी पाटी होती, ती मी कधी पाहिली नव्हती. माकडाने शेपटी झाडाला गाठ मारून ठेवली होती. तळ्यातून बाहेर आलेल्या पाण्यात एक बेडूक पाय सोडून बसला होता, त्याच्यासाठी थांबावं लागलं. शैला चहा घेऊन आली आणि तीही बसली. शेवटच्या पानावर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ मला भीती वाटली नाही.

नवव्या सकाळी दोघीही दिसल्या.